सात नंबरचा फ्रीजर

रात्री पावणेतीनला सात नंबर ओरडला.
ओउलूत बाहेर उणे सत्तावीस,
आत हवे उणे ऐंशी,
आणि पडद्यावर एकाहत्तर, एकोणसत्तर…
ऐलीने पायजम्यावरच कोट चढवला,
सायकल काढली.

तिसऱ्या मजल्यावर मूत्रपिंडवाले,
चौथ्यावर अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे श्वास मोजणारे,
त्यांच्या वर झोपेचे अभ्यासक, आत्ता घरी झोपलेले.
सगळ्यांचं रक्त मात्र तळघरात,
एकाच पंगतीला.

दोन-दोन हातमोज्यांतूनही बोटं बधिर होतात.
खोका काढायचा, झटकन नऊ नंबरमध्ये सरकवायचा.
नळीवर नाव नाही, आकडा फक्त.
नावं पलीकडच्या इमारतीत, कुलपात.
किल्ली ऐलीकडे नाही. बरंच आहे.

आईनेही इथेच दिलं होतं,
विणताना टाके निसटायला लागले त्या हिवाळ्यात.
म्हणायची, हल्ली लोकरच निसरडी येते.
सुई टोचली तेव्हा नर्सला विचारलं,
"पोरी, यानंतर कॉफी असते ना?"

चारशे बारा खोके.
एकही आपटला नाही.
एक जरा जास्त वेळ हातात राहिला, पण तो
बर्फाने चिकटला होता म्हणून.

सहाला वाल्तेरी धापा टाकत आला, मूत्रपिंडवाला,
टोपीवर दव गोठलेलं.
"माझे वाचले ना?"
"तुझे कुठले ते मला काय ठाऊक," ऐली म्हणाली,
"सगळे हलवलेत."
मग बोटं काखेत दाबून खुर्चीत बसली.
"उभा काय राहिलास? कॉफी ठेव."