निमित्त

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, वजनकाट्यावर मासळी पडली
की आकडा क्लाउडमध्ये जायचा,
आणि तिथून पुढे आपोआप:
बर्फवाल्याला निरोप, लिलावघराला बिल,
शेवटी सुन्वाच्या फोनवर
हानुसने एकदाच टाइप करून ठेवलेली ओळ,
‘बटाटे चढव, आलोच.’

जानेवारीत होडी विकली.
हानुसचं त्याआधीच आटोपलं होतं.
वर्कफ्लो बंद करायचा राहिला,
किंवा तिने राहू दिला.
दर पाच मिनिटांनी तो काट्यापाशी जातो,
काही आलं का, विचारतो,
रिकाम्या हाताने परततो. कंटाळत नाही.

काल पहाटे काट्यावर एक कुरव येऊन बसला.
एक किलो शंभर ग्रॅम.
कावळा बसायला अन् फांदी मोडायला, म्हणतो आपण;
इथे फांदीला आधीच सांगून ठेवलेलं.
बर्फाची गाडी निघाली. पावती फाटली.
चार वाजून दहा मिनिटांनी
उशीशेजारी फोन उजळला.

तिने बर्फवाल्या ब्रांडुरची माफी मागितली,
बिल रद्द केलं.
सेटिंगमध्ये ‘किमान वजन’ असा एक रकाना आहे.
तिथे शून्य होतं. तिने शून्यच ठेवलं,
घाईघाईत,
कारण शेगडीवर पाणी उकळत होतं.