काठावरची मोजणी

सोलापूरला समुद्र नाही.
आहे ते हिप्परग्याचं पाणी, आणि जानेवारीत
तेही मागं सरकलेलं.
पण सरकताना ते जे टाकून जातं,
काळा गाळ, शिंपल्यांची चुरी, कुजक्या शेवाळाचा वास,
त्याला काठ म्हणायला हरकत नसावी.

पहाटे पावणेसहाला सायन्ना कुरापाटी
धरणाच्या तोंडाशी उभा असतो.
कानटोपी, सायकल, कॅरिअरला अडकवलेली वही
आणि मंगळवार बाजारातली दुर्बीण,
जिची डावी नळी कायमची धुक्यात.

एकतीस वर्षं यंत्रमागाशेजारी उभं राहून
त्याचे कान गेलेत.
म्हणून मोजणीला आमची जोडी:
डोळे त्याचे, कान माझे.

वाट ठरलेली.
आधी भिंतीवरून, दगडांच्या कडेकडेनं,
मग पंपघरामागच्या वेड्या बाभळीतून वाकून,
मग हुरड्याला आलेल्या ज्वारीचा बांध,
(तिथलं कुत्रं दरवर्षी नव्यानं भुंकतं)
आणि शेवटी गाळ.
मी चपला हातात घेते.
तो घेत नाही.
एक पाय रुतला की दुसऱ्यावर तोल धरून थांबतो
शेकाट्यासारखा,
आणि पलीकडे खरे शेकाटे
त्याच्याकडे बघत नाहीत.

"चिखल्या! बारकी! अकरा!"
सायन्ना अजून कारखान्यातच बोलतो,
त्यामुळं अकराच्या अकरा उडतात.
मी वहीत लिहिते: अकरा.
वहीच्या मागच्या बाजूनं मजुरीचे हिशेब,
चादरी, टॉवेल, नगावर पैसे.
पुढून पक्षी.
मधली वीसेक पानं कोरी.

ऐकू आलेलं मी त्याला हातानं सांगते.
टिटवीला बोटं फटाफट उघडायची, चार वेळा.
चंडोलाला मूठ वर वर नेऊन सोडून द्यायची.
तुतारीच्या शिळेला खूण सापडेना,
तेव्हा हवेत एक धागा ओढला, तोडला, पुन्हा ओढला.
"गाठ मार की," म्हणाला.

पट्टकदंब पाण्यापलीकडं बसलेले,
हिमालयावरून आलेले, हरभऱ्यात चरून सुस्त.
तो दुर्बीण देतो. "डोक्यावरचा काठ बघ.
दोन पट्ट्या. एक सूत इकडं-तिकडं न्हाई."
तो सगळ्याच गोष्टींचे काठ आधी बघतो.
"काठ नीट नसला की उसवतंय. पाणीबी."

मग एकटाच एक कुरव.
डोकं हिवाळ्यातलं, पांढरं,
कानामागं तेवढा काळा ठिपका.
सायन्ना गप्प.
"ह्यो तिकडचा," थोड्या वेळानं म्हणतो,
आणि पश्चिमेला हात करतो,
जिथं आत्ता फक्त तुळजापूर रोडचे ट्रक आहेत.

गणपतीपुळ्याची सहल एकदा ठरली होती,
वर्गणीही भरली होती.
संपात मोडली.
पैसे परत मिळाले, तेवढ्याची पत्नीला चप्पल घेतली.
हे सगळं तो कुरवाकडं बघतच सांगतो.

"तू गेलतीस न्हवं? आवाज कसा असतोय त्याचा?"

मी हात वर केला.
लाट दाखवावी तर लाट दिसते, ऐकू येत नाही.
खाली घेतला.
मग वहीच्या मागच्या बाजूला लिहिलं:
शंभर माग. एकदम. रात्रपाळी.

त्यानं वाचलं. उजव्या नळीतून नाही, नुसत्या डोळ्यांनी.
"मग आयकलाय की!"
इतक्या मोठ्यानं
की कुरवही उडाला.

कुरव, एक, मी लिहिलं.
ऊन चढलं, ज्वारीतलं कुत्रं झोपलं होतं.
परतताना सायन्नाची डावी चप्पल गाळातच राहिली,
शोधली, नाही मिळाली,
तो तसाच पायडल मारत गेला.

भिंतीवरून मी मागं पाहिलं:
त्याच्या पावलाच्या खड्ड्यात पाणी भरलेलं
आणि त्याच्या कडेला एक तुतारी,
शेपूट हलवत, चोचीनं काही शोधत.
वही त्याच्याबरोबर गेलेली.
ती मोजायची राहिली.