खाच आणि माशी

पाच गोळ्या. पाचही सात वाजता.
म्हणजे भिंतीवरचे सात नव्हेत, कागदावरचे:
काळ्या गोलाच्या खाली, डावीकडे,
रुसून एका कोपऱ्यात बसलेल्या बहिणींसारख्या
एकमेकींना खेटून.

मी पेचकस मागितला.
शेलटकर म्हणाले, थांबा.
वरळीच्या खाऱ्या हवेत अठ्ठावीस वर्षं
दुसऱ्यांच्या पिस्तुलांचा गंज काढणारा माणूस,
त्यांच्या ‘थांबा’लाही तेलाचा वास येतो.
"एक गोळी म्हणजे अफवा, बाई.
पाच म्हणजे साक्ष.
तुम्ही कोर्टात टायपिस्ट, तुम्हाला मी काय सांगायचं."

मी म्हटलं नाही, की पाच साक्षीदार
कधी कधी एकाच माणसाने पढवलेले असतात.

नियम मला पाठ होता.
गोळी जिकडे जायला हवी तिकडे मागची खाच सरकवायची.
पुढच्या माशीचं मात्र उलट:
गोळी वर जायला हवी, तर माशी खाली.
आमच्या घरीही असंच होतं,
आईला सरळ सांगायचं, अण्णांना उलट,
तेव्हा कुठे गोष्ट मधोमध लागायची.

शेलटकरांनी पिस्तूल घेतलं.
मोतीबिंदू काढलेला डोळा उघडा, दुसरा अर्धा.
कुंपणापलीकडे चाळिसाव्या मजल्यावर
क्रेनने एक अख्खी भिंत उचलली होती, ती टेकेपर्यंत थांबले.
मग पाच.
दुर्बिणीतून मी पाहिलं:
त्यांच्याही खाली, डावीकडे,
पण माझ्या निम्म्याच अंतरावर.

"निम्मी चूक हिची," ते म्हणाले
आणि पेचावरचा जुना लाल ठिपका नखाने खरवडू लागले.
उरलेली निम्मी कुणाची, ते काही बोलले नाहीत.

टक, टक. खाच वर.
टक, टक. खाच उजवीकडे.
एवढ्याशा आवाजात पंचवीस मीटरवरचं जग
बोटभर सरकतं.

मग खिशातून नेलपॉलिशची बाटली.
पेच हलू नये म्हणून एक थेंब.
"आमच्या हिची. ती गेली त्याला सहा वर्षं झाली.
थिनर घालून घालून चालवतोय."
बाटलीवरचं नाव पुसलेलं, रंग शाबूत.

मी हात पुढे केला. ते पाठमोरे झाले,
मॅगझिन भरलं, माझ्या तळव्यावर ठेवलं.
"चार खऱ्या, एक फुसकी.
कुठली ते मलाही आठवत नाही," म्हणाले. खोटं.

पहिली नऊमध्ये.
दुसरी दहाच्या रेघेवर. मला वाटलं, बघा,
पेचाचाच दोष होता, उगाच माणसाला
स्वतःवर शंका घ्यायला लावतात.

तिसरी.
चाप मागे आला, आवाज नाही, धूर नाही,
धक्का नाही,
आणि तरी नळी झुकली,
खाली, डावीकडे,
नेमकी सातच्या दिशेने, भर दुपारी, उघड्यावर.

बावीस वर्षं
साहेबांनी ‘लिहून घ्या’ म्हणायच्या आधीच
माझी बोटं खाली गेलेली असतात.
तोंडातून शब्द निघायच्या आत उमटवलेला शब्द.
त्याबद्दल मला एकदा शाबासकीही मिळाली होती.

शेलटकर समुद्राकडे बघत होते,
जिथून समुद्र आता दिसत नाही.
मॅगझिनमध्ये दोन उरल्या होत्या.
पेचावरचा लाल थेंब
अजून ओला होता.