खिडकी क्रमांक दोन

खिडकी क्रमांक एक बंद.
तिच्यावर चिकटवलंय : चौकशी खिडकी क्रमांक दोनवर.
दोन नंबरच्या बाई म्हणाल्या,
"चौकशी एक नंबरला."

गडहिंग्लज सोडलं तेव्हा अंधार होता.
भाड्याच्या व्हॅनमध्ये मागं दुमडलेली चाकाची खुर्ची,
पुढं अण्णा, कडक इस्त्रीचा सदरा, टोपी,
खिशात, उगीच सवयीनं, सुताराची चपटी पेन्सिल.
"आत बारा कपाटं माझी हायत," सांगत होते वाटभर,
ड्रायव्हरला, मला, कागलच्या उसाला.
"शिसवी. एकाला खिळा न्हाई.
तलवारी त्यांच्या, काचा मुंबईच्या,
उभं राहणं माझं."

सुट्टे द्या.
सुट्टे नाहीत तर कोड मारा.
कोडचा कागद निम्मा सोललेला, फोन त्याला ओळखेना.
आणि फोन आत नेता येत नाही.
फोन ठेवायचं कपाट भरलंय.
(हे कपाट लोखंडी होतं. अण्णांनी मान फिरवली.)

पायऱ्या अकरा.
रॅम्प आहे, नाही असं नाही.
निळी पाटीसुद्धा आहे, खुर्चीतला पांढरा माणूस,
हुबेहूब अण्णा, फक्त टोपी नाही.
रॅम्पवर सहा मोटारसायकली,
त्यांच्या पलीकडं जाळीचं दार,
दाराला कुलूप.

"किल्ली सरवद्यांकडं."
"सरवदे?"
"रजेवर."
"दुसरी किल्ली आसंल की."
"हाय. आत, कपाटात."
"कुठल्या कपाटात?"
अण्णा एकदम ताठ होऊन म्हणाले.

रखवालदार माणूस वाईट नव्हता.
स्वतःची बाटली पुढं केली, पंख्याखाली जागा दिली,
पंखा बंद होता त्याला तो काय करणार.
"उचलून न्यू की आज्जांना," म्हणाला,
"चौघं लागतील."
"चौघं लागतील तवा न्याच," अण्णा म्हणाले,
"आज नगं."

मी मग भांडलो. आमच्याकडं बाया अशाच भांडतात,
'भांडले' म्हणून भागत नाही.
साहेब कोण, साहेब कुठं, साहेबांचा नंबर काय.
मागं नरसोबाच्या वाडीहून आलेली एक मिनीबस
माझ्याकडं बघत भडंग खात उभी.
बाईंनी घड्याळ बघितलं.
एक वाजला. जेवण.

खिडकीची लाकडी फळी त्यांनी ओढली.
अर्ध्यावर अडकली.
पुन्हा ओढली, मग बुक्की, मग शेजारचा शिपाई, त्याची बुक्की.
अर्ध्या खिडकीतून निम्म्या बाई आणि आम्ही
एकमेकांकडं बघत राहिलो.

"फुगलीया ती," अण्णा म्हणाले.
"मेणबत्ती हाय का?"
लाइट जाते तेव्हाची एक होती ड्रॉवरात.
खुर्ची खिडकीला लावायला सांगितली.
वरची खाच चाचपली, खालची,
नखानं चाळीस वर्षांचं काहीतरी काढून हुंगलं,
आणि मेण घासत बसले,
सावकाश, रांग बघितली नाही, मला बघितलं नाही.
"आता वडा."

सर्रकन.
एका बोटानं.
खिडकी आमच्या तोंडावर बंद झाली.
आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज,
मटकीचा वास.
अण्णा बंद फळीकडं बघत म्हणाले,
"आता कसं!"

अभिप्रायाची वही बाहेर, टेबलावर.
खूप छान, कऱ्हाड. खूप छान, सोलापूर.
पंखा बंद, सही वाचता येत नाही.
पेन बांधायचा दोरा होता, पेन नव्हतं.
अण्णांनी चपटी पेन्सिल दिली.
मी लिहिलं : रॅम्प, कुलूप, मोटारसायकली,
सरवदे, साहेब, सुट्टे.
पेन्सिल जाड, राग दोन ओळींतच पान भरून बसला.

"तुमचं काय लिवू?"
थोडा विचार केला त्यांनी.
"लिव, एक नंबरची बी बघून घ्या.
ती बी फुगलीच असणार."

मग वही मांडीवर ओढून
नाव स्वतः घातलं, पिराजी सुतार,
आणि पत्त्याच्या रकान्यात,
बराच वेळ पेन्सिल तशीच धरून शेवटी,
'आत'.