उघाडी

बापानं मला उघाडी राखायला शिकवली.
सागाची फळी, वरच्या अंगाला बिजागरी.
भरती रेटते तेव्हा मिटते,
ओहोटीला शेतातलं पाणी तिला आतून ढकलतं.
राखणदारानं एवढंच बघायचं,
फळीत ओंडका अडकला का,
आणि अमावास्येला झोपायचं नाही.

पनवेलला माझी ग्रंथी काढली.
जीव राहिला, पण बांधाला खांड पडली.
खोकलो की थेंब, उठलो की धार.
खारबांध फुटला की आम्ही थाळी बडवायचो,
अख्खं गाव टोपल्या घेऊन चिखलात उतरायचं.
या खांडीसाठी थाळी कुणी बडवायची?

मेडिकलवाला लंगोटांचा पुडा बांधताना विचारायचा,
"नातवाला का, हसुकाका?"
मी म्हणायचो, हो.
नातू तेव्हा दहावीला होता.

हळदीला मी शेवटच्या खुर्चीत, काळ्या पँटीत.
गोमीनं गोधडीखाली प्लास्टिक घातलं,
आगोटीला घर शाकारतात तसं,
एक शब्द न बोलता.
तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरीणबाई सांगलीकडची, पोरगीच.
तिनं कागदावर नळी काढली, नळीभोवती कडी,
पोटात पाण्याचा फुगा,
आणि खाली पिशवीत, अंडाशेजारी, एक कळ.
म्हटलं, ही तर उघाडी!
ती म्हणाली, म्हणजे?
मग मी त्याच कागदाच्या पाठीवर खाडी काढली.

टाके पडले. सहा आठवडे दार बसवलेलं, पण चालू नाही.
मी ओलाच.
मग एका मंगळवारी तिनं माझं बोट धरून कळ दाखवली.
दाबायची, सोडायची, तीनदा. धार संपेतो थांबायचं.
दोन-तीन मिनिटांत आपोआप मिटतं.
म्हणाली, दहाएक वर्षांनी बदलावं लागेल कदाचित.
म्हटलं, बाई, सागाची फळी तरी कुठं जास्त टिकते?

पाकिटात आता एक कार्ड असतं, एकवीरेच्या फोटोमागं:
न विचारता नळी घालू नये.

गावची उघाडी सिमेंटची झाली. लोखंडी दार गंजून अर्धं उघडं.
तीन अर्ज दिले. साहेब म्हणतो, निधी नाही.
खारं पाणी आत येतं, भात जळतं,
पोरं शेतात जिताडे धरतात.

काल अमावास्या. सवयीनं जाग आली.
बांधावर गेलो. भरती आत शिरत होती,
दार हलतही नव्हतं.
लुंगी वर केली, कळ तीनदा दाबली,
कांदळाकडे तोंड करून उभा राहिलो.
मग माझं मिटलं.
त्या दाराकडे बघत बराच वेळ तिथंच होतो,
कोरडा.