दुसऱ्यांदा

माझी वजनं पितळेची आहेत.
मखमलीच्या खाचांत झोपतात, चिमट्यानं उठतात.
बोटाचा घाम लागला तरी खोटं बोलतील,
म्हणून त्यांना हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही.
दरवर्षी ती स्वतः तपासून घ्यायला जातात
आणि दाखला घेऊन परत येतात.
मला नोकरीत एकोणीस वर्षं झाली.
माझा दाखला कुणी मागितला नाही.

मंगळवारी दूधबाजार.
मुश्ताक अत्तार यांचं मसाल्याचं दुकान,
शहाजिरं, दगडफूल, मला हमखास येणारी शिंक.
पाच किलो ठेवलं. काट्यानं पाच किलो दाखवलं.
मी वही उघडायच्या आत
त्यांनी धुतलेल्या फडक्यात धरून वजन उतरवलं,
काटा शून्यावर येऊ दिला
आणि पुन्हा ठेवलं.
"दुसऱ्यांदा," म्हणाले,
कंडक्टर यायच्या आधी सुटे काढून ठेवावेत तसं.

रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.
मी नियम सांगितला असता. नियम मला पाठ आहेत.
"मी दरवेळी दोनदा ठेवते?"
"आमच्याकडं दोनदाच असतं, मॅडम. अब्बांच्या वेळेपासून."

रविवार कारंजापर्यंत चालत आले,
पेटी या हातातून त्या हातात.
तक्रारी आल्या होत्या ना त्या भागातून?
आल्या होत्या का?
गर्दी असते, काटे आदळतात, धूळ बसते...
आधी हात जातो.
कारण मागून येतं धापा टाकत,
आणि वहीत त्याचंच नाव वर लिहिलं जातं.

आईनं शिकवलं असंही नाही.
चहाची पुडी आणायला पैसे देताना एवढंच म्हणायची,
"तिकडून आणलीस तर मोजून घे."
मी सात वर्षांची.
'तिकडून' म्हणजे कुठून, हे विचारावं लागलं नाही.

आणि मी तरी कोण?
गंगापूर रोडला खोली बघायला गेले होते तेव्हा
"पूर्ण नाव सांगा ना," म्हणाले होते मालक,
आणि आडनाव ऐकल्याबरोबर
खोली पुतण्यासाठी ठेवलेली निघाली.
उतरताना पायऱ्या मोजल्या होत्या मी. सव्वीस.
अजून पाठ आहेत.
तरीही दूधबाजारात हात माझाच.

मग सराफ बाजार. वामनशेठ दुसाने.
इथं माझ्याआधी माझा चहा येतो.
काट्याला काचेची पेटी,
माणसाचा श्वाससुद्धा तोलला जाऊ नये म्हणून.
दहा ग्रॅम ठेवलं. दहा ग्रॅम.
चिमटा पुन्हा उचलला तर मनगट जड,
पितळ तेवढंच, मनगट जड.
ठेवलं दुसऱ्यांदा.

"काही शंका, मॅडम?"

आवाज दुखावलेला होता, खराच दुखावलेला.
माझ्या तोंडून "सॉरी" निघून गेलं.
दूधबाजारात एकोणीस वर्षांत
ते एकदाही निघालं नव्हतं.

काटा बरोबर होता. दोन्हीकडचा.
तेवढं लिहिलं, सही केली.
शेऱ्याचा रकाना कोरा राहिला,
त्याची रुंदी अर्धा इंच आहे.

रात्री मुलगी केक करत होती.
स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर भांडं ठेवलं,
बटण दाबलं, शून्य.
"भांड्याचं वजन गेलं कुठं?" मी विचारलं.
इतकी वर्षं दुकानदारांना हेच समजावत आलेली मी.
"गेलं नाही गं," ती म्हणाली,
"तो फक्त ते धरत नाही."
आणि मैदा आणायला वळली.

मी भांडं उचललं.
काटा रिकामा, स्वच्छ, कुणी काही ठेवलेलं नाही,
आणि त्यावर लाल आकड्यांत
उणे चारशे दहा.