एक रिव्हेट, एक स्क्रू

सातपूरला, त्र्यंबक रोड सोडून आत वळलं की
याकूब मिस्त्रीची शेड, आणि शेडमध्ये
देवळालीच्या पिलू आंटींची शेव्हरोले,
बॉनेट उघडं टाकून,
दाताच्या डॉक्टरपुढं बसल्यासारखी.

मला बोलावलं ते नंबर वाचायला.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांवरचे नंबरच पाहिले, एवढीच माझी पात्रता.
डोळे आता अधू. बोटं शाबूत.

पट्टी इंजिनामागच्या भिंतीला,
विड्याच्या पानाएवढी,
तिच्यावर रंगाचे किती हात बसलेत देव जाणे.
याकूबनं रॉकेल लावून टूथब्रशनं घासली.
मी लाइटबिलाची कोरी बाजू तिच्यावर धरली
आणि पेन्सिल आडवी फिरवली,
लहानपणी चाराण्यावर फिरवायचे तशी.
आकडे वर आले. आधी सत्तावन्न.
मग एफ, एल.

फ्लिंट, याकूब म्हणाला, कारखान्याचं गाव.
त्याच्याकडं वडिलांच्या हातची वही आहे,
आकडे इंग्रजीत, अर्थ उर्दूत, पानांना ऑइलचा वास.
फ्लिंट म्हणजे गारगोटी, मी म्हटलं.
गारगोटी तर कोल्हापूरकडं, पिलू आंटी म्हणाल्या,
आणि आम्ही तिघं उगाचच हसलो.

मग रंगाचा आकडा.
याकूबचं बोट वहीतून खाली सरकत गेलं, थांबलं.
हिरवा, म्हणाला. आतलं कापडही हिरवं.
"छे रे! काळी. पप्पांनी काळीच आणली.
बोटीतून उतरली तेव्हा मी सात वर्षांची,
फ्रॉकला ग्रीस लागलं म्हणून मार खाल्लाय."

दाराच्या बिजागरीआड ब्लेडनं खरवडलं:
काळा. मग पांढरा, कुणाच्या तरी लग्नापुरता.
परत काळा. मग तांबडा प्रायमर. मग पत्रा.
सीट उचलली. शिवणीत अडकलेला एक धागा,
किरमिजी.

तेव्हा कुठे मी पट्टीच्या कडा पाहिल्या.
डावीकडं रिव्हेट, हातानं ठोकलेलं, वाकडं.
उजवीकडं स्क्रू, आपल्याच बाजारातला.
कधीतरी कुणीतरी दुसऱ्या गाडीची पट्टी उपटून
हिच्या कपाळी लावली होती:
कागद जुळवायला, कर चुकवायला,
किंवा नुसती मोकळी जागा वाईट दिसते म्हणून.

"मग ही कोण?" पिलू आंटींनी विचारलं,
मला, जणू खाली सही मीच करणार होते.

नंबर फसलेली नोट आम्ही बाजूला काढायचो.
नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तिच्या जागी
तारा छापलेली नोट जायची गड्डीत.
दुकानदार ती परत करायचे.
भावजयीनं तर एकदा फाडायलाच घेतली.
सांगून दमले: तारा म्हणजे खोटी नव्हे गं.
दुसरीच्या जागी आलेली.
मेथीची जुडी तिच्यावर तेवढीच येते.

आणि हे सांगता सांगता, का कोण जाणे,
सिन्नरच्या मांडवातलं ताट आठवलं,
तांदळात अंगठीच्या टोकानं ओढलेली अक्षरं.
मी वाकून, उलटीकडून,
माझंच नाव पहिल्यांदा वाचलं होतं.
पगारपत्रकात तेच. पेन्शनच्या पुस्तकात तेच.
आधीचं माहीत असलेलं शेवटचं माणूस
गेल्या माघात गेलं.

"कसारा चढते ना?" याकूब म्हणाला.
"पट्टीमुळं थोडीच चढते."

स्क्रू घरंगळून गटारात गेला होता.
त्यानं दुसरा बसवला, स्कूटरचा.
लाइटबिलावर, पेन्सिलीतल्या नंबराशेजारी
मी एक तारा काढला, आंटींना दिला.
त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवला
आणि गाडीत बसता बसता म्हणाल्या,
इतक्या वर्षांत तुझं नाव नाही विचारलं गं.

हौसा, मी म्हटलं.

याकूबनं मान वर केली.
त्याच्या लेखी मी मृणालिनीताई.
काहीतरी बोलला तो,
पण तोवर इंजिन लागलं होतं.